‘अ चाइल्ड इज वेटिंग’मधले डॉक्टर बरोबर, की जीन?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. ते आधी सुटे करू. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्ही एका निवासी विशेष शाळेत प्राथमिक गटाला शिकवता. वर्गातला दहा वर्षांचा एक मुलगा फक्त तुमच्यासमोरच जेवतो, तुम्ही सांगितलं तरच काम करतो आणि तुम्ही रजेवर असलात की दिवसभर दाराशी बसून राहतो. घरचे फारसे फिरकत नाहीत. मुख्याध्यापिकांनी दिवाळीनंतर त्याला दुसऱ्या ताईंच्या वर्गात द्यायचं ठरवलंय. त्यातच तुम्ही ‘अ चाइल्ड इज वेटिंग’ हा १९६३ चा चित्रपट पाहिलात, आणि ही आपलीच गोष्ट आहे असं तुम्हाला वाटलं. म्हणून विचारता, की त्यातले डॉक्टर क्लार्क बरोबर की जीन हॅन्सन? आणि अशा मुलाला माया लावणं हे शिक्षिकेचं चुकतं का?

माया लावण्यात काहीही चूक नाही. ज्याला भेटायला घरून कुणी येत नाही, त्याच्या आयुष्यात एक तरी माणूस असं हवंच, की ज्याला पाहून त्याचा चेहरा खुलेल. काळजीची गोष्ट वेगळी आहे. त्याला जे जे येतं, ते फक्त तुम्ही समोर असतानाच येतं. तुम्ही नसताना तो जेवत नसेल, तर त्याच्या आयईपीमध्ये, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, ‘स्वतःच्या हाताने जेवतो’ असं लिहिता येणार नाही. मुख्याध्यापिकांनी याच कारणासाठी बदल ठरवला असेल तर त्यांचं निदान बरोबर आहे. पण सोमवारी सकाळी दप्तर उचलून दुसऱ्या वर्गात नेऊन बसवलं, तर मुलाला ती शिक्षाच वाटेल.

इतर वाचणाऱ्यांसाठी चित्रपटाची गोष्ट सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच बोलायचं आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची अमेरिकेतली एक सरकारी निवासी संस्था. तिचे प्रमुख डॉक्टर मॅथ्यू क्लार्क, म्हणजे बर्ट लँकेस्टर. तिथे जीन हॅन्सन (ज्युडी गार्लंड) कामाला येते. ती संगीत शिकलेली आहे, विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण तिला नाही, आणि आपल्या हातून काहीतरी मोलाचं घडावं ही तिची तळमळ खरी आहे. तिथल्या रूबेन नावाच्या मुलाचे आईवडील विभक्त झालेत आणि दोघांपैकी कुणीच त्याला भेटायला येत नाही. भेटीच्या दिवशी तो वाट पाहत बसतो. जीन त्याला जवळ करते, इतकी की बाकीची मुलं मागे पडतात. डॉक्टरांना ते पटत नाही. जीन डॉक्टरांना न विचारता रूबेनच्या आईला बोलावून घेते. आई (जीना रोलंड्स) येते, पण मुलाला न भेटताच परत जायला निघते. नेमका तेव्हाच रूबेन तिला पाहतो आणि तिच्या गाडीमागे धावत सुटतो. त्यानंतर तो संस्थेतून पळून जातो. जीन राजीनामा द्यायला निघते. डॉक्टर तो घेत नाहीत, उलट थँक्सगिव्हिंगच्या कार्यक्रमाची जबाबदारी तिच्यावर टाकतात. वडील (स्टीव्हन हिल) रूबेनला दुसऱ्या शाळेत हलवायला म्हणून येतात आणि त्याला रंगमंचावर बोलताना ऐकतात.

हा चित्रपट पाहून तुम्हाला कुणाची बाजू घ्यावी ते कळलं नाही, याचं नवल नाही. ज्यांनी तो केला त्यांच्यातच यावर एकमत नव्हतं. कथा ॲबी मान यांची. १९५७ मध्ये ती टेलिव्हिजनवर नाटक म्हणून सादर झाली होती. मान, निर्माते स्टॅनली क्रेमर, लँकेस्टर आणि गार्लंड ही सगळी मंडळी १९६१ मध्ये ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’साठी एकत्र आली होती. दिग्दर्शनासाठी मात्र क्रेमर यांनी जॉन कासावेट्स या तरुण, प्रयोगशील माणसाला घेतलं. चित्रीकरण संपलं आणि संकलनाच्या टेबलावर दोघांचं बिनसलं. क्रेमर यांनी चित्रपट आपल्या ताब्यात घेतला आणि स्वतःच्या पद्धतीने जोडला. कासावेट्स यांनी त्या प्रतीची जबाबदारी नाकारली. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: क्रेमर यांचा चित्रपट सांगतो की या मुलांची जागा संस्थेत आहे, आणि मी चित्रित केलेला चित्रपट सांगत होता की ही मुलं स्वतःच्या परीने शहाण्यासुरत्या म्हणवणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा चांगली आहेत.

वर्गात उभं राहून पाहिलं तर मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. ‘यांची जागा संस्थेत’ हे तर आज कुणी म्हणूच नये. पण ‘ही मुलं आपल्यापेक्षा निर्मळ’ एवढं म्हणून थांबणंही त्या मुलांवर अन्याय करणारंच आहे. निर्मळ आहे म्हणून कुणी त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवत नाही, आणि मग विशीत आल्यावरही ती दुसऱ्याला लावून द्यावी लागतात. आपलं काम या दोन्हींच्या मधलं आहे. त्यात दगदग जास्त आणि कौतुक कमी.

तरीही हा चित्रपट मला मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण कासावेट्स यांची काम करण्याची रीत. रूबेनचं काम ब्रूस रिची या बालनटाने केलंय. पण आजूबाजूची बहुतेक मुलं खरी, कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या पॅसिफिक स्टेट हॉस्पिटलमध्ये राहणारी होती. कासावेट्स यांनी त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे वागू-बोलू दिलं आणि नटांना त्यांच्या कलाने घेऊन काम करायला लावलं. म्हणून मुलांबरोबरच्या प्रसंगांत लँकेस्टरकडे नीट पाहा. मुलाचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते येईपर्यंत हा एवढा मोठा नट थांबतो. प्रशिक्षणाला आलेल्या नव्या शिक्षकांना मी नेहमी तेच पाहायला सांगते. प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड उघडायचं नाही. करून पाहा, फार अवघड जातं.

काळही लक्षात घ्यायला हवा. बाळात अशी अक्षमता दिसली की ‘याला संस्थेत ठेवा आणि विसरून जा’ असा सल्ला तेव्हाच्या अमेरिकेत डॉक्टर सर्रास देत असत. १९६७ च्या सुमारास तिथल्या सरकारी संस्थांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली जवळपास दोन लाख माणसं राहत होती. त्याच वेळी वारंही फिरू लागलं होतं. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी बौद्धिक अक्षमता असलेली आपली बहीण रोझमेरी हिच्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी केनेडींनी या क्षेत्रासाठी निधी देणाऱ्या कायद्यांवर सह्या केल्या. १९७५ मध्ये अमेरिकेत अशा प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क कायद्याने मिळाला. चित्रपटातली मुलं जिथून आली, त्या संस्थेचं पुढे नाव बदललं आणि २०१४ मध्ये ती बंद झाली. तेव्हा डॉक्टर क्लार्क यांचं ऐकायचं ते शिकवण्याबद्दलचं. मुलाने कुठे राहावं, याबद्दल ते आपले गुरू नव्हेत.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र मी बव्हंशी त्यांच्या बाजूने आहे. एका प्रसंगात ते जीनला प्रौढ पुरुषांचा वॉर्ड दाखवतात. वय वाढलेली माणसं दिवसचे दिवस काहीही न करता बसून आहेत. डॉक्टरांना म्हणायचं असतं ते एवढंच, की आज आपण या मुलाकडून काही करून घेतलं नाही, तर त्याची पुढची पन्नास वर्षं अशी जातील. आपल्याकडचा प्रत्येक पालक हेच वेगळ्या शब्दांत विचारतो: ‘आमच्या पश्चात याचं काय?’ अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची सोय राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ मुळे झालीय. स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमता येतो. पण पालक कुणीही नेमला, तरी त्या माणसासमोर हा मुलगा जेवला पाहिजे, अंघोळ केली पाहिजे, दुखतंय ते सांगता आलं पाहिजे. हे फक्त ‘आमच्या ताईं’समोरच येत असेल, तर ताईंची बदली होते, लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी जातात, कधीतरी निवृत्त होतात.

आता ज्या प्रसंगाने तुम्ही अस्वस्थ झालात, त्या गाडीमागे धावण्याकडे वळू. तुम्ही लिहिलंय, ‘जीनने आईला बोलावलं नसतं तर तो पळून गेलाच नसता, म्हणजे डॉक्टर बरोबर.’ मला तसं वाटत नाही. आई आली हे त्याच्या पळून जाण्याचं कारण नव्हतं. ती त्याला न सांगता, न भेटता, चोरून निघाली, हे कारण होतं. समजा ती अर्धा तास त्याच्याजवळ बसली असती, पुन्हा कधी येणार ते तिने कॅलेंडरवर दाखवलं असतं आणि हात हलवून निरोप घेतला असता. तो रडला असता, कदाचित खूप रडला असता. पण निरोपाचं रडणं वेगळं आणि टाकून दिल्याचं वेगळं. हे माझं वाचन आहे, चित्रपट तसं उघडपणे म्हणत नाही. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत पुढची सगळी दिशा मी यावरूनच ठरवेन: त्याच्यापासून दूर व्हायचं ते सांगून, त्याला दिसेल असं, आणि परत येऊन.

याआधी काही गोष्टी तपासून घ्या, कारण माझं उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. त्याला ऑटिझमही आहे का? असेल तर माणूस बदलण्याइतकाच खोली, बाक आणि क्रम बदलण्याचा त्रास होईल, आणि तयारी दुप्पट लागेल. फिट्स येतात का, अलीकडे गोळ्या बदलल्या का? ऐकू नीट येतं का, की तो तुमच्या ओठांकडे पाहून समजून घेतो आणि म्हणून तुम्हीच लागता? घरातलं कुणी वारलं आहे का? आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट विचारते: तो सगळ्यांनाच टाळतो, की एखाद्या ठरावीक माणसाला? एखादं नाव काढलं किंवा वसतिगृहाकडे जायची वेळ झाली की तो आक्रसत असेल, तुम्हाला चिकटून बसत असेल, तर हा शिकवण्याचा प्रश्न उरत नाही. आपल्या मुलांना झालेला त्रास शब्दांत सांगता येत नाही, तो वागण्यातून बाहेर येतो. तशी शंका असेल तर वर्गबदल बाजूला ठेवा आणि मुख्याध्यापिकांशी लगेच बोला. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, ते कळवणं हे तुमच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे.

यातलं काही नसेल, तर कामाला लागू.

पहिला आठवडा नुसतं टिपून ठेवा. तो कुणासमोर काय करतो? यात मावशी, स्वयंपाकघरातले काका, फिजिओथेरपीवाल्या ताई, मोठ्या गटातली मुलं, सगळी आली. ‘फक्त माझ्यासमोरच’ हे बहुतेक वेळा शंभर टक्के खरं नसतं. कुठेतरी तो मावशींबरोबर बादली उचलतो, कुणा दादाबरोबर चेंडू टाकतो. जिथे तो दुसऱ्या माणसाबरोबर आधीच काही करतोय, सुरुवात तिथून.

याच आठवड्यात स्वतःकडेही पाहा. तो तुमच्या शब्दाने काम करतो असं तुम्हाला वाटतं, पण बऱ्याचदा मूल एखाद्या बारीक खुणेवर चालत असतं. तुमचा हात त्याच्या कोपराला लागतो आणि मगच घास उचलला जातो. तुम्ही भुवया उंचावता आणि तो बरोबर रंगाचा मणी घेतो. जमलं तर जेवणाच्या वेळचा पाच मिनिटांचा व्हिडिओ शाळेच्या परवानगीने काढा आणि आवाज बंद करून पाहा. आवाज नसला की आपल्याच खुणा आपल्याला दिसतात. मग त्या एकेक करून काढायच्या. हातावर हात होता तो मनगटावर, मग कोपराला नुसता स्पर्श, मग थाळीकडे बोट, मग नुसतं शेजारी बसणं, मग टेबलाच्या पलीकडे. एक पायरी दोन-तीन दिवस सलग जमली की पुढची. अडलं तर एक पायरी मागे, अगदी पहिल्या पायरीवर नाही.

दुसऱ्या ताईंना याच काळात तुमच्या वर्गात येऊ द्या. पण त्यांच्याकडे पहिल्यांदा काम द्यायचं नाही, त्याला सगळ्यात आवडतं ते द्यायचं. झोका आवडत असेल तर झोका त्यांनीच द्यावा, मुरमुरे आवडत असतील तर डबा त्यांच्याच हातात. पहिले काही दिवस त्यांनी त्याला एकही सूचना देऊ नये. मग एखादं छोटं, त्याला पक्कं येणारं काम त्यांनी सांगावं, तुम्ही शेजारी. पुढे तुम्ही वर्गाच्या मागे, मग दाराशी, मग बाहेर पाच मिनिटं. बाहेर जाताना ‘मी ऑफिसात जाऊन येते’ असं सांगायचं, चित्रवेळापत्रकात दोघींचे फोटो लावून कुणाची वेळ कधी ते दाखवायचं, आणि सांगितल्याप्रमाणे परत यायचं. नजर चुकवून सटकू नका, तो खेळात रमलाय म्हणून तर मुळीच नको. एकदा तसं झालं की पुढचे कित्येक दिवस तो डोळ्यांनी तुम्हाला बांधून ठेवील.

मध्ये एक टप्पा असा येईल की सगळं बिघडलंय असं वाटेल. तो ओरडेल, ताट लोटेल, कदाचित स्वतःला मारून घेईल. जुनी रीत चालेनाशी झाली की मूल ती आणखी जोर लावून करून पाहतं. ओरडण्याच्या ऐन भरात तुम्ही धावत आलात, तर ‘एवढं ओरडलं की ताई येतात’ हे तो शिकेल. त्या वेळी दुसऱ्या ताईंनीच त्याला शांत करावं आणि शांत झाल्यावर तुम्ही यावं. पण डोकं आपटणं, चावणं यासारखं असेल तर तिथे हट्ट धरू नका. पायऱ्या आणखी लहान करा आणि मानसशास्त्रज्ञांना बोलवा.

थोडक्यात इथवरचं: आधी भीती किंवा आजार नाही ना ते पाहायचं, मग तुमच्या खुणा कमी करायच्या, मग दुसरं माणूस जोडायचं, आणि तुमचं जाणं-येणं त्याला कळेल असं ठेवायचं.

घरच्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ‘त्यांना याची पडलेली नाही’. असेलही. पण चौकशी केली की अनेकदा वेगळं निघतं: एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं परवडत नाही, वडिलांनी दुसरं लग्न केलंय आणि नव्या घरात सांगितलेलं नाही, किंवा निघताना मुलाचं रडणं सोसत नाही म्हणूनच पाय उचलत नाही. चित्रपटातल्या त्या आईला मुलाचं प्रेम नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. जीनने परस्पर बोलावणं धाडलं, तसं मात्र तुम्ही करू नका. शाळेच्या समाजकार्यकर्त्यांमार्फत जा. सुरुवात फोनने: ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाचच मिनिटं, जमलं तर व्हिडिओ कॉल. वडिलांचा फोटो त्याच्या कपाटाला लावा. आणि ‘बाबा येणार’ हे वाक्य बाबा गाडीत बसल्याचा फोन आल्याशिवाय कुणीही उच्चारायचं नाही, मावशींनीसुद्धा नाही. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, न्यायालयाच्या आदेशाशिवाय केवळ अक्षमतेच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही. निवासी शाळा शिक्षणासाठी आहे. घर सुटलं असा तिचा अर्थ होऊ न देणं, हेही शाळेचंच काम.

तुमच्या वर्गातल्या बाकी मुलांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. हे दोष म्हणून सांगत नाही, पण जीनवर डॉक्टरांचा खरा राग त्याचाच होता. या मुलाला सैल सोडताना मिळणारी दहा मिनिटं, जो कधीच काही मागत नाही अशा मुलाला द्या. असा एक तरी प्रत्येक वर्गात असतो.

पालकसभेत हा चित्रपट दाखवावा का, असंही तुम्ही विचारलंय. पूर्ण दाखवू नका. त्यातली भाषा आणि संस्थेचं वातावरण आजच्या पालकांना, विशेषतः ज्यांचं मूल नुकतंच निवासी शाळेत आलंय त्यांना, विनाकारण दुखावेल. लँकेस्टर मुलांच्या उत्तराची वाट पाहतो तो भाग आणि शेवटचा कार्यक्रम एवढंच दाखवा, आणि शेवटानंतर बोला जरूर. स्नेहसंमेलनात आपलं मूल दोन ओळी म्हणालं की सगळं बदलेल, असं पालक त्यातून घेऊन जातात. मला त्या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते हे, की रूबेन जीनच्या मांडीवर बसून नव्हे, तर अनोळखी माणसांनी भरलेल्या सभागृहात बोलतो. आणि डॉक्टर त्यानंतर जीनला तिथून हलवत नाहीत, नव्याने आलेल्या मुलाचं स्वागत करायला सांगतात. तिची माया त्यांना नकोशी असती, तर हे काम त्यांनी तिला दिलंच नसतं.

शेवटी तारखेबद्दल. ‘दिवाळीनंतर’ हा मुहूर्त मला पटत नाही. सुट्टीत तो घरी गेला तर परतल्यावर घर सुटल्याचं दुःख आणि नवा वर्ग, दोन्ही एकदम येतील. आणि इतर मुलं घरी जाऊन तो एकटाच वसतिगृहात राहिला, तर ते आणखी जड. मुख्याध्यापिकांना सांगा की वर्गबदलाला तुमचा विरोध नाही. दुसऱ्या ताईंचं येणं-जाणं आत्तापासूनच सुरू होऊ दे, शाळा उघडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याला जुन्याच जागी बसू दे, आणि तुम्ही खोलीत नसताना तो सलग आठवडाभर जेवला की वर्ग बदला. टिपणांची वही सोबत न्या. तोंडी विनंतीपेक्षा ती वही पाहून त्या लवकर तयार होतील.